गल्ल्यातला पैसा कुणाचा?

मराठी घरातल्या मुलाच्या हाती पहिला पैसा बहुधा दारातच पडतो. पाहुणे निघालेले असतात, पायांत चपला गेलेल्या असतात, आणि मामा किंवा आत्या मुलाच्या मुठीत एक नोट कोंबतात. "अहो, हे कशाला?" असे आई म्हणते, नोट मात्र परत जात नाही. भाऊबीज, राखीपौर्णिमा, वाढदिवस, गावची जत्रा, परीक्षेचा निकाल हे मुलांच्या मिळकतीचे ठरलेले दिवस. दर महिन्याला पॉकेटमनी देण्याची रीत शहरातल्या काही घरांत आली आहे. बाकीच्या मुलांची मिळकत अजून अशीच, सणावारी आणि पाहुण्यांच्या येण्याजाण्यावर चालते.

पाहुणे जिना उतरतात न उतरतात तोच पुढचे घडते. "दे इकडे, ठेवते मी." नोट आईच्या पर्समध्ये जाते आणि तिथून दूधवाल्याच्या, भाजीवाल्याच्या हिशेबात जिरून जाते. यात कुणाची लबाडी नसते. आईच्या लेखी ती नोट दोन घरांमधल्या देवाणघेवाणीतली असते. पुढच्या महिन्यात त्याच पाहुण्यांच्या मुलीच्या हातावर तेवढीच नोट ठेवायची असते. मुलाच्या लेखी ते त्याचे स्वतःचे पैसे असतात. दोन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत, पण आईचा हिशेब मुलाला कुणी सांगत नाही. काही महिन्यांनी तो पैसे मागतो, आई हसून विषय बदलते, आणि मुलगा एक गोष्ट पक्की शिकतो: हातात आहे तोवरच पैसा आपला. पुढच्या वेळी नोट मिळताच तो दुकान गाठतो. बचतीची सवय लहानपणी लागते असे सगळेच म्हणतात. ती मोडतेही लहानपणीच.

फट असलेले मडके

दिवाळीच्या बाजारात पणत्यांच्या ढिगांशेजारी आणि गावोगावच्या जत्रांत मातीचे गल्ले अजून मिळतात. काही साधे गोल, काही आंब्याच्या आकाराचे, काही रंगवलेले. चाकावर कुंभार मडक्यासारखीच भिंत वर चढवतो आणि मग तोंड आत आवळत पूर्ण मिटवून टाकतो. आत कोंडलेल्या हवेच्या आधाराने ओली माती खचत नाही. ती जरा कडक झाली की वरच्या अंगाला फट कापतात. हे काम भाजण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण चहूबाजूंनी बंद असलेल्या पोकळीतला ओलावा आव्यात तापला तर गल्ला फुटतो.

तळाला झाकण नाही, कुलूप नाही, किल्ली नाही. पैसे काढायचे तर गल्ला फोडायचा, आणि फोडला की तो संपला. म्हणून फोडण्याला दिवस लागतो, कारण लागते, घरच्यांची हजेरी लागते. सायकल, क्रिकेटची बॅट, शाळेची सहल, आजीला साडी असे काहीतरी ठरलेले असते. वर्तमानपत्र पसरून त्यावर नाणी ओततात, एकाच्या, दोनच्या, पाचच्या चवडी लावतात, आणि मोजणी दोनदा होते. अधल्यामधल्या गरजेसाठी मुलांनी वाटा शोधून ठेवलेल्या असतात. फटीत सुरी आडवी सरकवून गल्ला उलटा केला की नाणी तिच्यावरून घसरत बाहेर येतात. ही विद्या मोठ्या भावंडांकडून धाकट्यांकडे जाते. थोरल्यांनी तिच्याकडे काणाडोळा करणेच बरे; स्वतःच्याच पैशांवर दरोडा घालताना मूल निदान किती काढले याचा हिशेब ठेवते.

पत्र्याच्या आणि प्लास्टिकच्या गल्ल्यांना कुलूप आले, आणि त्याबरोबर किल्ली कुणाकडे हा प्रश्न आला. किल्ली आईच्या जुडग्यात गेली की गल्ला नावापुरताच मुलाचा राहतो. मातीच्या गल्ल्याला ही अडचण नव्हती. मात्र तो व्याज देत नाही, चोराला अडवत नाही आणि महागाईपुढे तर लंगडाच पडतो. रोज ५ रुपये टाकले तर वर्षाला १,८२५ रुपये होतात. दहा वर्षांत १८,२५० होतील, पण पहिल्या वर्षी टाकलेल्या पाच रुपयांत जे मिळत होते ते दहाव्या वर्षी मिळत नाही. कधी नाणेच बाद होते. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा जुन्या डब्यांतल्या चाराण्यांचे खेळण्यातले पैसे झाले. तरीही, साठलेले वजन हातात घेऊन पाहता येणे आणि ते नक्की आपले असणे, या दोन गोष्टी एवढ्या स्वस्तात दुसरे कुठलेही साधन मुलाला देत नाही.

थांबणे आणि भरवसा

बचत म्हणजे आत्ताची इच्छा पुढे ढकलणे, असे मानून मानसशास्त्राने मुलांच्या थांबण्याचा बराच अभ्यास केला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून वॉल्टर मिशेल यांनी केलेले प्रयोग सर्वांत गाजले. मुलापुढे एक गोड पदार्थ ठेवायचा. आत्ता खाल्ला तर एक, मोठी व्यक्ती परत येईपर्यंत थांबलास तर दोन. पुढे काही वर्षांनी दिसले की जी मुले जास्त वेळ थांबली होती ती अभ्यासातही सरस ठरली. त्यावरून संयम हा जणू जन्मजात गुण आहे आणि तोच आयुष्य ठरवतो, असा समज जगभर पसरला. पालकांसाठीच्या भाषणांत तो अजून ऐकू येतो.

२०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेंहून अधिक मुलांची माहिती तपासली तेव्हा हा संबंध सुमारे निम्माच भरला. आईचे शिक्षण, घरची परिस्थिती वगैरे लक्षात घेतल्यावर उरलेल्यातलाही मोठा भाग गळून पडला. त्याआधी रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी केलेला प्रयोग बचतीच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्यात मुलांना आधी चित्र काढायला बसवले आणि चांगले रंग आणून देण्याचे वचन दिले. अर्ध्या मुलांना ते रंग मिळाले. उरलेल्यांना "रंग संपले, माफ कर" असे ऐकावे लागले. मग नेहमीचा खाऊचा प्रयोग झाला. वचन पाळलेले पाहिलेल्या मुलांनी सरासरी १२ मिनिटे वाट पाहिली, वचन मोडलेले पाहिलेल्यांनी ३ मिनिटे. पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ मुले पूर्ण पाव तास थांबली, दुसऱ्या गटातले एकच.

मुले तीन ते पाच वर्षांची होती, आणि काही मिनिटांपूर्वीचा एक अनुभव एवढा फरक पाडून गेला. ज्या घरात "ठेवते मी" म्हणून घेतलेली नोट परत येत नाही, तिथले उधळे मूल खरे तर शहाणपणानेच वागत असते.

मधल्या सुट्टीतली बँक

शाळेतून बचत शिकवण्याची कल्पना जुनी आहे. बेल्जियममधल्या घेंट शहरात फ्रान्स्वा लोराँ या कायद्याच्या प्राध्यापकांनी १८६६ मध्ये शाळांतून मुलांची बचत गोळा करायला सुरुवात केली, आणि ती पद्धत युरोपभर गेली. भारतात १ एप्रिल १८८२ पासून टपाल खात्याने देशभर बचत बँक चालवायला घेतली. छोट्या ठेवीदाराला सरकारी भरवशाची जागा मिळाली ती तिथे. शाळेतली बँक मात्र खऱ्या अर्थाने रुजली ती संचयिकेच्या रूपाने. महाराष्ट्रात ज्यांचे माध्यमिक शिक्षण गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झाले, त्यांतल्या अनेकांना हे नाव आठवते. १५ सप्टेंबर हा संचयिका दिन म्हणून पाळला जातो.

संचयिकेची गंमत अशी की ती मुलेच चालवतात. आठवी-नववीतली मुले व्यवस्थापक, रोखपाल, लेखनिक होतात. आठवड्यातला एक वार ठरलेला असतो; मधल्या सुट्टीत वर्गात किंवा व्हरांड्यात टेबल मांडले जाते. खातेदार रांगेत उभे राहून एक, दोन, पाच रुपये भरतात, भरणा चिठ्ठी लिहितात, पासबुकावर नोंद करून घेतात. रोखपाल रक्कम मोजतो, लेखनिक खतावणीत चढवतो, सुट्टी संपताना रोकड आणि नोंदी जुळवतात, आणि शिक्षक सही करतात. जमलेली रक्कम संचयिकेच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत ठेवली जाते. सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, जूनमधली वह्या-पुस्तके अशा वेळी मुले पैसे काढतात.

यात व्याज नगण्य असते आणि रकमाही. पण पाचवीतल्या मुलीने भरलेले दोन रुपये तिच्याच शाळेतली नववीची ताई लिहून घेते, आणि सहलीच्या आदल्या आठवड्यात ते मागता क्षणी मिळतात, हा अनुभव कुठल्याही धड्यात बसत नाही. काउंटरच्या पलीकडे बसलेल्या मुलांना त्याहून जास्त मिळते. दुसऱ्याचा पैसा सांभाळायचा, एक रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत उठायचे नाही, मित्र असला तरी चिठ्ठीशिवाय रक्कम द्यायची नाही. बँकेत पुढे नोकरी करणाऱ्यांनाही हे प्रशिक्षण इतक्या लवकर मिळत नाही.

अनेक शाळांत संचयिका पुढे का टिकत नाही, हेही त्याच टेबलाजवळ कळते. हिशेबात फरक आला की भुर्दंड प्रभारी शिक्षकाच्या खिशाला बसतो. सुटी नाणी घेऊन बँकेत जायचे, रांग लावायची, वर्षाअखेर व्याज वाटून द्यायचे, आणि हे सगळे अध्यापन, परीक्षा, शालाबाह्य कामे सांभाळून. जिथे एखाद्या शिक्षकाला आवड असते तिथे ती चालते. त्याची बदली झाली की बंद पडते. मागे उरतात भिंतीवरचे 'थेंबे थेंबे तळे साचे' आणि निबंधस्पर्धा. मिलानमध्ये १९२४ साली भरलेल्या बचत बँकांच्या परिषदेपासून ३१ ऑक्टोबर हा जागतिक बचत दिन मानला जातो. इंदिरा गांधी यांच्या हत्येची तारीख तीच असल्याने भारतात तो ३० ऑक्टोबरला पाळतात. त्या दिवशी बचतीच्या महत्त्वावर दीड पान लिहिणारे मूल एक रुपयाही कुठे ठेवत नाही, याची खंत कुणाला वाटत असल्याचे दिसत नाही. पाठ्यपुस्तकेही आपले काम करतात. बालभारतीच्या गणितात सातवीला बँका आणि सरळव्याज, नववीला अर्थनियोजन आहे. व्याज काढता येणे आणि पैसे ठेवता येणे यांची मात्र गाठ पडतेच असे नाही.

मुंबईतून जगभर

संचयिकेच्या कल्पनेला वेगळे वळण दिले ते मुंबईतल्या 'मेलजोल' या संस्थेने. १९९१ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी ती सुरू केली. 'चाइल्डलाइन १०९८' ही मुलांसाठीची मदतवाहिनीही त्यांनीच सुरू केली. मेलजोलच्या शालेय कार्यक्रमात मुलांचे हक्क आणि जबाबदाऱ्या यांच्या जोडीला मुलांची बचत बँक आली आणि तिला 'अफलातून' हे नाव मिळाले. २००५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये याच नावाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि हा अभ्यासक्रम अनेक देशांत गेला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळांतून आणि आश्रमशाळांतून तो चालवला गेला. आश्रमशाळेतल्या निवासी मुलाच्या हाती घरून निघताना दिलेली थोडी रक्कम असते आणि ती ठेवायला पत्र्याच्या पेटीशिवाय जागा नसते; तिथे अशा बँकेचा उपयोग सहज पटतो.

अशा कार्यक्रमांनी खरोखर फरक पडतो का, हे घाना देशात १३५ शाळांमध्ये तपासले गेले. काही शाळांत 'अफलातून', काहींत फक्त पैशाविषयीचे शिक्षण, उरलेल्यांत काहीच नाही. दोन्ही कार्यक्रमांनी मुलांचे बचतीचे वागणे सुधारले. पण जिथे फक्त पैशाविषयीच शिकवले तिथे मुलांचे कमाईसाठी काम करणे किंचित वाढले. हक्कांची जोड होती तिथे वाढले नाही. पैशाचे महत्त्व एकटेच शिकवले की मूल मजुरीकडे पाहू लागते, हा निष्कर्ष भारतात जरा जास्तच मनावर घेण्यासारखा आहे.

युगांडातला प्रयोग याहून मजेशीर. १३६ प्राथमिक शाळांत कुलूपबंद पेट्या ठेवल्या आणि मुलांची बचत सत्राअखेर परत दिली. काही शाळांत ती रोख मिळणार होती. काहींत फक्त शालेय साहित्यावर चालणारे कुपन. शिस्तीच्या भोक्त्यांना कुपनाची योजना सरस वाटेल. प्रत्यक्षात जास्त बचत झाली ती रोख परत मिळणार होती तिथे, आणि पालकांनाही विश्वासात घेतले तेव्हा मुलांच्या गुणांतही थोडी वाढ दिसली. स्वतःचा पैसा स्वतःच्या मर्जीने खर्चता येणार नसेल, तर तो पेटीत टाकायला मूल कां-कूं करते. मोठी माणसे तरी काय वेगळी वागतात?

दुकानातले शिक्षण

ज्या घरांत बचतीवर कुणी भाषण देत नाही, तिथली मुले ती पाहून शिकतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, नाशिक अशा गावांतल्या पेठेत संध्याकाळी रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट फिरतो. पानटपरी, केशकर्तनालय, भाजीची गाडी, शिंपी, गॅरेज. कुणी ५० देतो, कुणी १००, मंदीच्या दिवशी कुणी "उद्या दोन्ही" म्हणतो. पूर्वी डायरीत नोंद व्हायची, आता हातातल्या छोट्या यंत्रातून पावती निघते. बाप गिऱ्हाइकात गुंतलेला असला की गल्ल्यावर बसलेला पोरगाच पिग्मी काढून देतो आणि पावती खिळ्याला टोचतो. दिवसाच्या कमाईतला एक भाग आपला नाहीच असे समजून बाजूला काढायचा, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

ही पद्धत उडुपीहून आली. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ मध्ये काढलेल्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ मध्ये दारोदार फिरून रोज किमान दोन आणे गोळा करण्याची पिग्मी योजना सुरू केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी महाराष्ट्रातल्या नागरी बँकांत आणि पतसंस्थांत कायमची मुरली. व्याज कमी असते, मुदतीआधी मोडली तर कापून घेतात, आणि तरी लोक भरतात, कारण एजंट दारात येतो. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये उभी राहिलेली माणदेशी महिला बँक याच गरजेतून जन्मली. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पैसे साठवायचे होते, आणि इतक्या किरकोळ रकमेचे खाते उघडायला कुणी तयार नव्हते. आधी महिला निरक्षर म्हणून परवाना नाकारला गेला. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या.

भिशीत तर मुलाला मानाचे काम मिळते. दहा जणींनी दर महिन्याला हजार रुपये काढायचे आणि चिठ्ठी निघेल तिने दहा हजार उचलायचे. चिठ्ठी उचलायला बहुतेक वेळा घरातले सर्वांत लहान मूल बोलावतात. कागद नाही, कायदा नाही. सगळा व्यवहार ओळखीवर. रक्कम उचलल्यावर पुढचे हप्ते भरायचे ते तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून.

या शिकवणीची दुसरी बाजूही मुले पाहतात. बँकेतल्या ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, त्याआधी तो एक लाखाचा होता. पतसंस्थांच्या ठेवींना हे संरक्षण नाही, आणि पिग्मी भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा फरक माहीत असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्या घरातले पैसे असे अडकले, त्या घरातल्या मुलाला बचतीचे महत्त्व पटवणे सोपे राहत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्यावर आणखी एक दडलेली बचत उघड्यावर आली: डाळीच्या डब्यातली, साडीच्या घडीतली, नवऱ्याच्या नकळत जमवलेली. आईकडे स्वतःचे पैसे होते, हे अनेक मुलांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळले.

मुलांच्या नावाची बचत

२२ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना दहा वर्षांखालील मुलींसाठी आहे. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये, पंधरा वर्षे भरायचे, खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण रक्कम. महाराष्ट्राच्या 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांतील १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये मिळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये मुलांसाठी निवृत्तिवेतनाची 'वात्सल्य' योजनाही आली.

या योजना मोलाच्या आहेत, पण त्या मुलाला बचत शिकवत नाहीत. शिस्त लागते ती पालकांना. सुकन्या खात्याच्या जुन्या नियमांत मुलगी दहा वर्षांची झाल्यावर स्वतः व्यवहार करू शकत होती. २०१९ च्या नियमांनी ते वय अठरावर नेले. उलट साध्या बचत खात्याला हे बंधन नाही. पोस्टात दहा वर्षांपुढचे मूल स्वतःच्या सहीने खाते उघडू आणि चालवू शकते. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात तेच पुन्हा स्पष्ट सांगितले: दहा वर्षांपुढची मुले स्वतंत्रपणे बचत आणि मुदत ठेव खाती चालवू शकतात, मर्यादा बँकेने ठरवाव्यात, आणि शिल्लक उणे होऊ देऊ नये. काउंटरवर मात्र चौथी-पाचवीतले मूल एकटे आले की "बाबांना घेऊन ये" हेच उत्तर तयार असते.

नाणे दिसेनासे झाल्यावर

२०१६ मध्ये यूपीआय आले आणि सुटे पैसे घरातून हळूहळू कमी झाले. आता मामा ओवाळणी आईच्या फोनवर पाठवतो. दारातली नोट, मूठ, "दे इकडे" हे सगळेच गळाले; रक्कम थेट घरखर्चाच्या खात्यात. मुलाला ती दिसत नाही, मोजता येत नाही, वाजवता तर मुळीच येत नाही. काही घरांत यावर साधा तोडगा निघाला आहे: फ्रिजवर किंवा वहीत मुलाच्या नावाचे पान, जमा, खर्च, शिल्लक, आणि मागितले की आई देणे लागते. शिल्लक पाचशेच्या वर गेली की ती मुलाच्या खात्यावर. कुणी त्यावर महिन्याला रुपया-दोन रुपये व्याजही देते.

शाळेत असताना उघडलेल्या खात्यांचे अठराव्या वर्षी काय होते, हा शेवटचा आणि दुर्लक्षित भाग. सज्ञान झाल्यावर नवी सही, नवा फोटो आणि ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. तोवर पालकाने चालवलेले खाते पुढे चालत नाही. शिष्यवृत्तीसाठी किंवा हौसेने उघडलेली असंख्य खाती इथेच विसरली जातात. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते, आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्थापन केलेल्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. तिथे गेली तरी ती खातेदाराचीच राहते. 'उद्गम' या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, आणि ज्या बँकेत खाते होते तिच्याकडे कागदपत्रांसह अर्ज केला की ती रक्कम परत देते. खाते माहेरच्या नावाने असलेल्या बाईला नाव बदलल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडता येतो.